लोणारचं पाणी आणि अणूचा हिशेब

बुलडाणा जिल्ह्यात बोलताना वक्त्याची एक सोय होते. खारं पाणी म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लोणारला विवराच्या काठावर धारेच्या झऱ्याचं पाणी गोडं आणि खाली उतरलं की तळ्याचा सामू दहाच्या आसपास. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तर विहिरीचं पाणी जिभेवर पडताच कळतं. आजचा विषय मात्र अणू विद्युतदृष्ट्या उदासीन का असतो, हा आहे. त्याकडे मी या पाण्यातूनच जाणार आहे.

लोणारच्या पाण्यात मुख्यतः सोडियम, क्लोराइड, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असतात. यांतला एकही कण उदासीन नाही. सोडियमने एक इलेक्ट्रॉन गमावलेला, म्हणून तो धनभारित. क्लोरिनने एक जास्तीचा घेतलेला, म्हणून तो ऋणभारित. म्हणजे ‘अणू उदासीन असतो’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य या तळ्यात लागू पडत नाही. पण सबंध तळ्याची बेरीज केली तर ती शून्यच येते. भूजल तपासणाऱ्या प्रयोगशाळांचा यावर भलताच भरवसा असतो. एका बाजूला धन आयनांच्या, म्हणजे धनभारित कणांच्या, भारांची बेरीज, दुसऱ्या बाजूला ऋण आयनांच्या. दोन्हींत पाच-दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर पाण्यात काही अजब घडलंय असं कुणी म्हणत नाही. मोजणी चुकली म्हणतात, नाहीतर एखादा आयन मोजायचा राहिला म्हणतात.

जमिनीतही हाच हिशेब चालतो. आपल्या काळ्या मातीतल्या चिकणकणांच्या रचनेत काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. मॅग्नेशियमचा धनभार एकाने कमी, त्यामुळे कणावर ऋणभार उरतो, आणि तो भागवायला बाहेरून सोडियम किंवा कॅल्शियम येऊन चिकटतं. सोडियम फार झालं की जमीन पावसात चिबडते आणि वाळली की दगड होते. त्यावर उपाय म्हणून जिप्सम टाकतात. जिप्सममधल्या कॅल्शियमवर दोन भार असतात, म्हणून कॅल्शियमचा एक कण चढला की सोडियमचे दोन उतरतात. एक उतरून भागत नाही.

इतका काटेकोरपणा कशासाठी? आकडेच पाहू. पेल्यात १८० मिलिलीटर पाणी घेतलं तर त्यात इलेक्ट्रॉन होतात सहावर पंचवीस शून्यं, आणि प्रोटॉनही तेवढेच. समजा, असे दोन पेले एक मीटर अंतरावर ठेवले आणि दोन्हींतून दहा लाखांत एक या हिशेबाने इलेक्ट्रॉन काढून घेतले. ते पेले एकमेकांना सुमारे साडेआठ कोटी टन वजनाइतक्या जोराने दूर लोटतील. ज्येष्ठातली वीज शेतात कोसळते तेव्हा साधारण १५ ते २० कूलोंब भार खाली येतो. पेल्यातल्या दहा लाख इलेक्ट्रॉनांमागे दोन, एवढाच तो. तेव्हा उदासीन म्हणजे भार नसलेला, ही समजूत काढून टाका. प्रत्येक वस्तू भाराने ठासून भरलेली आहे. दोन बाजू तंतोतंत फिटतात म्हणून आपल्याला तो जाणवत नाही.

अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची संख्या सारखी का, याचं उत्तर आता अवघड राहत नाही. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन. भोवती दहाच इलेक्ट्रॉन असले तर बाहेरून येणाऱ्या अकराव्याला ओढ बसते. अकरा भरले की लांबून ओढ जवळजवळ उरत नाही. जवळजवळ म्हणतो, कारण क्लोरिनसारखा अणू आपले १७ भरल्यावरही अठरावा धरून ठेवतो. उष्णता भरपूर असेल तर इलेक्ट्रॉन टिकत नाहीत. विश्व जन्मल्यावर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं ते सुटेच भटकत होते, तापमान ३००० अंशांच्या आसपास उतरल्यावर केंद्रकांभोवती स्थिरावले. उदासीनता हा अणूवर लादलेला नियम नव्हे. आकर्षणातून होणारी ती तडजोड आहे.

पाठ्यपुस्तक इथे थांबतं, आणि मला ते खटकतं. संख्या सारखी असून भागत नाही. एका प्रोटॉनचा भार एका इलेक्ट्रॉनच्या भाराइतकाच असावा लागतो. आणि या दोघांचं नातं काय? प्रोटॉन १८३६ पट जड, तीन क्वार्कांचा बनलेला. इलेक्ट्रॉन कशाचा बनलाय म्हणावं, तर आजवर त्यात दुसरं काहीच सापडलेलं नाही. १९५९मध्ये लिटल्टन आणि बाँडी या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की दोन भारांत दोन भागिले एकावर अठरा शून्यं एवढा फरक असला, तरी विश्वाचं प्रसरण त्यातून उरणाऱ्या भाराच्या अपकर्षणावर समजावता येईल. कल्पना धाडसी होती. पण तिची खरी कमाई ही, की लोक मोजायला बसले. हिलास आणि क्रॅनशॉ यांनी बंद भांड्यातला आर्गॉन आणि नायट्रोजन बाहेर सोडून भांड्यावर भार चढतो का ते पाहिलं. चढला नाही. पुढे सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूवर आणखी नाजूक प्रयोग झाले. आज एवढं ठामपणे म्हणता येतं, की फरक असलाच तर एकावर एकवीस शून्यं एवढ्या भागांतल्या एका भागाएवढा किंवा त्याहून कमी.

हे असं का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. आजचा कणसिद्धान्त गणितात सुसंगत राहायचा तर क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांच्या भारांत विशिष्ट संबंध असावाच लागतो, हे खरं. पण भारांचं एकक मुळात कुठून आलं, ते त्यातून पूर्ण उलगडत नाही. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी १९३१मध्ये एक सुंदर वाट दाखवली: सबंध विश्वात चुंबकाचा एकटा ध्रुव एक जरी असला, तरी सगळे विद्युतभार एकाच एककाच्या पटीत असणं भाग पडतं. चुंबक मोडला की दरवेळी प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना दोन ध्रुव मिळतात, हे तुम्ही शाळेत पाहिलंय. एकटा ध्रुव शोधायचे प्रयोग अजून चालू आहेत, आणि खात्रीने म्हणावा असा एकही हाती लागलेला नाही.