गोदावरी परुळेकर आणि लग्नाचं कर्ज

 

गटागटांत आम्हाला एक प्रश्न विचारला जातो. पक्षात पदावर असलेली बाई नेमकं करते तरी काय? निवडणुकीला गाडी येते, सभेला बसवून नेते, संध्याकाळी आणून सोडते. मग पाच वर्षं कोणी फिरकत नाही. म्हणून आज आम्ही अशा एका बाईबद्दल सांगणार आहोत, जिचं पक्षाचं काम सभेत नाही, पाड्यावर झालं. आम्ही कोणत्याच पक्षाचा प्रचार करत नाही, रेडिओवर तो करायचाही नसतो. पण काम कसं करतात ते बघायला काय हरकत आहे?

गोदावरी परुळेकर. जन्म पुण्यात, १४ ऑगस्ट १९०७. माहेरचं नाव गोखले, वडील वकील, घरी खाऊनपिऊन सुखी. त्याही कायदा शिकल्या; महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या पहिल्या बाई असं त्यांच्याबद्दल सांगतात. सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, घरच्यांची नाराजी ओढवून घेतली. १९३९ साली श्यामराव परुळेकरांशी लग्न केलं आणि दोघं कम्युनिस्ट पक्षाचं काम करू लागले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथं डहाणू-उंबरगावकडचे थोडे वारली आले होते. त्यांनी आपली हकिकत सांगितली, आणि गोदावरीबाई त्यांच्या पाड्यांवर गेल्या. पायी गेल्या, झोपडीत मुक्काम केला, जे शिजेल ते खाल्लं. सुरुवातीला माणसं बोलायलाच घाबरायची. पांढऱ्या कपड्यातलं माणूस म्हणजे सावकाराचं नाही तर सरकारचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

तिथं त्यांना लग्नगडी भेटले. हा शब्द नीट ऐका. वारल्याला लग्न करायचं तर पैसा हवा. पैसा सावकाराकडं. तो घेतला की नवरा-बायको दोघांनी सावकाराकडं राबायचं. कर्ज फिटायचं नाही, कारण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही वारल्याला वाचता येत नाही. लग्नगड्याच्या बायकोवर तर सावकार आपला हक्कच समजे. तिच्या तक्रारीला ऐकणारं कोणी नव्हतं.

२३ मे १९४५ ला झरी गावी सभा झाली. हजारो वारली आले. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही, असं ठरलं. मग गावोगाव लग्नगडी सुटू लागले. पुढं गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, पाच जण मेले. परुळेकर दांपत्याला जिल्हाबंदी झाली. संप मात्र मोडला नाही.

वारली त्यांना गोदाराणी म्हणत. आम्हाला 'राणी' हा शब्द जरा खटकतो. गोळ्या छातीवर घेतल्या त्या वारल्यांनी. पण पुढची पन्नास वर्षं ही बाई त्या कामातून हटली नाही, हेही खरं. १९६५ साली श्यामराव तुरुंगातच वारले, तरी त्या थांबल्या नाहीत. १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली, त्या वसाहतीला गोदुताईंचंच नाव आहे.

आता आपल्याकडं या. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जायच्या आधी मुकादमाची उचल घेतलेली असते. ती कशाला घेतली विचारलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, पोराचं लग्न होतं. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. वेठबिगारी कायद्यानं १९७६ सालीच बंद झाली. उचलीपायी कोणाला अडकवून ठेवलं तर तहसीलदार, जिल्हाधिकारी यांच्याकडं तक्रार करता येते. पण आपल्या किती जणींना आपली उचल नेमकी किती, कापली किती, हे सांगता येईल?

काही गटांत लग्नाला कर्ज द्यायचं नाही असा नियम आहे. कर्ज शेळीला द्या, शिलाई मशीनला द्या, लग्नातून काही उत्पन्न येत नाही, असं म्हणतात. हिशेबाला ते बरोबर दिसतं. पण गटानं नाही म्हटलं म्हणून लग्न थांबत नाही, बाई मुकादमाच्या दारी जाते. आम्हाला वाटतं, थोडं का होईना, लग्नासाठी कर्ज गटानं द्यावं, आणि जिनं उचल घेतली आहे तिचा आकडा गटाच्या वहीत तिच्यासमोर लिहून ठेवावा. यावर गटागटांत वाद होईल. होऊ द्या.

गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. १९७० साली ते आलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. वाचनालयात मागून बघा. वाचायला अडचण असेल तर गटातली शाळेत जाणारी एखादी पोरगी बसवा आणि लग्नगड्यांबद्दलची पानं बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या.