वस्तऱ्यावरचे नाव
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या घरी एक जुना विलायती वस्तरा आहे. १८५७ च्या धामधुमीत एका गोऱ्या अंमलदाराने तो आमच्या खापरपणजोबांना बक्षीस दिला, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमची दिल्लीस बदली झाली तेव्हा ट्रंकेतून वस्तरा आला, आणि त्याच्याबरोबर कथाही आली. एके दिवशी मुलाने विचारले, "बाबा, हा बनवला कोणी?" आम्ही निरुत्तर झालो.

वस्तऱ्याची जन्मपत्रिका धारेपाशी नसते. पाते मुठीत जेथे खिळलेले असते, त्याच्या अलीकडच्या अरुंद दांड्यावर असते. हौशी माणूस गंज दिसताच काचकागद घेऊन बसतो आणि नावच पुसून टाकतो. आम्ही तेलाचा बोळा फिरवला आणि भिंग लावले.

प्रथम दिसली एक चांदणी व शेजारी माल्टी क्रूस. ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीची निशाणी. त्या गावी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने कटलर्स कंपनी स्थापन झाली. तिच्या दप्तरी कारागिरांच्या निशाण्या नोंदल्या जात. शेफील्डच्या नावावर परदेशी मालही खपवला जाई, म्हणून १८८७ साली ब्रिटनने त्याविरुद्ध कायदा केला. यास्तव नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नये, निशाणी पाहावी.

पुढे मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंस 'व्ही' व 'आर' ही अक्षरे. म्हणजे व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द, १८३७ ते १९०१. शेवटी 'इंग्लंड' हा शब्द. याच शब्दाने आमची कथा कापली! १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, आणि तेव्हापासून हा शब्द ठशांत सर्रास दिसू लागला. तेव्हा वस्तरा १८५७ चा नव्हे. शतकाच्या अखेरच्या दशकातला असणार. त्या काळी आमचे पणजोबा रेल्वेत कारकुनी करीत. बहुधा त्यांनीच तो पगारातून घेतला असावा.

हे पुण्यास थोरल्या आत्यांना कळवले, तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला : "अरे, गोऱ्याचे बक्षीस नव्हते, कष्टाचे होते, हेच बरे झाले!"

आपणा सर्वांच्या ट्रंकांतही अशा वस्तू असतील. त्या घासण्यापूर्वी वाचाव्यात, आणि जे दिसेल ते मुलांना सांगावे, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो.