सारखी बटणे, निराळी शेते : ई-प्रशासनातील अर्जरचनेचा प्रश्न

(तंजावर येथे विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्हा तामिळनाडूचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. कुरुवै, सांबा आणि ताळडी या हंगामांत येथे भात पिकतो. जमिनीची मालकी ‘पट्टा’ दर्शवितो, तर पिकाची नोंद ‘अडंगल’मध्ये असते. महाराष्ट्रातील गाव नमुना सात व बारा यांच्याशी त्यांची स्थूलमानाने तुलना करता येईल. अनेक शेतकऱ्यांची जमीन लहान तुकड्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र सर्वेक्षण क्रमांक किंवा उपविभाग असतो.

राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मे २००६ मध्ये मंजूर झाली. त्यानंतर अनेक शासकीय अर्ज कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आले. कागदी अर्जातील रकाने ठरलेले असतात. संगणकीय अर्जात मात्र ‘ओळ जोडा’ हे बटण दाबून हवे तितके तुकडे नोंदविता येतात. प्रत्येक ओळीपुढे ‘हटवा’ हे एकाच नावाचे बटण असते. नेमके कोणते बटण दाबले गेले, हे आज्ञावलीने कसे ओळखावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासला तरी त्याचे परिणाम आर्थिक आहेत.

चूक कशी घडते?

पीकविम्याच्या एखाद्या अर्जात चार तुकडे नोंदविले आहेत, असे समजू. शेतकऱ्याने दुसरी ओळ हटविली. तिसरी ओळ वर सरकून दुसरी झाली. परंतु तिच्या बटणावर ‘तीन’ हाच जुना क्रमांक राहिला. आता ते बटण दाबल्यास तिसऱ्या स्थानावरील, म्हणजे मूळची चौथी, ओळ नाहीशी होते. ही बाब लक्षात आली नाही, तर पुरात त्या शेतातील पीक गेल्यावर त्याचा दावाच उभा राहत नाही.

उपाययोजना

पहिला उपाय म्हणजे ओळीची ओळख तिच्या स्थानावरून न ठरविता तिला कायम ओळखक्रमांक देणे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील संस्कृत हस्तलिखितांची बर्नेल यांनी केलेली सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. पोथी दुसऱ्या कपाटात ठेवली तरी सूचीतील तिचा क्रमांक बदलत नाही. तत्त्व हेच होय. सर्वेक्षण क्रमांक यासाठी पुरेसा नाही. कारण नव्या ओळीत तो रिकामा असतो आणि जमिनीच्या पोटविभाजनानंतर बदलूही शकतो.

दुसरे, प्रत्येक बटणासाठी स्वतंत्र आज्ञा लिहिण्याऐवजी संपूर्ण तक्त्यावर एकच आज्ञा ठेवावी आणि दाबलेल्या बटणाच्या ओळीचा ओळखक्रमांक वाचावा. त्यामुळे नंतर जोडलेल्या ओळींनाही तीच व्यवस्था लागू होते. तसेच, अर्जातील बटणाचा प्रकार सांगितला नसेल तर ब्राउझर ते अर्ज सादर करण्याचे बटण मानतो. परिणामी ‘ओळ जोडा’ दाबताच अपुरा अर्ज सादर होण्याचा धोका असतो. म्हणून प्रकार स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे.

तिसरे, आलेला ओळखक्रमांक त्याच अर्जदाराच्या नोंदीचा आहे काय, याची पडताळणी सर्व्हरवर झाली पाहिजे. हटविलेली ओळ पूर्ववत करण्याची सोयही असावी.

समावेशकतेचा निकष

दृष्टिबाधित व्यक्ती पडदावाचकाच्या साहाय्याने अर्ज भरते, तेव्हा तिला केवळ ‘हटवा, हटवा, हटवा’ असे ऐकू येते. बटणाच्या नावात सर्वेक्षण क्रमांक असल्यास ही अडचण दूर होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

समारोप

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सदोष अर्ज हा व्यवहार-खर्च वाढविणारा घटक आहे. चुकीच्या दुरुस्तीसाठी होणारे हेलपाटे आणि बुडालेली मजुरी यांचा भार अर्ज तयार करणाऱ्यावर पडत नाही. तो अल्पभूधारकावर पडतो. म्हणूनच ई-प्रशासनाचे मूल्यमापन करताना किती सेवा संगणकावर आल्या एवढेच मोजून भागणार नाही. शेतकऱ्याने दाबलेले बटण त्याच्याच इच्छित शेताला लागू झाले काय, हेही तपासावे लागेल.