चढणीचा मासा आणि बंधाऱ्याचे बरगे



कापसाच्या भावावर बोलायला जमलेल्या सभेत मासोळीचा विषय कशाला, असं मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणणारच. म्हणा. पण मृगाच्या पावसाची वाट आपण पाहतो तशी कयाधू, पूर्णा, पैनगंगेतली मासोळीही पाहते. पाऊस चुकला की आपली पेरणी फसते, तशी तिचीही फसते.

पहिला गढूळ लोंढा आला की मासे उलटे वर चढतात, हे तुम्हाला शिकवायला नको. ओढ्याच्या चढणीवर गोणपाट घेऊन आम्हीही बसलेलो आहोत. ते चढतात कशासाठी, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. ते अंडी घालायला चढतात. रोहू, कटला, मृगळ यांची अंडी दगडाला की गवताला चिकटत नाहीत. आपल्या खोऱ्यातल्या त्यांच्या भाऊबंदांचीही तीच रीत. पाणी पिऊन अंडी टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढी फुगतात आणि प्रवाहाबरोबर अधांतरी वाहत जातात. पंधरा-वीस तासांत फुटतात. निघालेलं पिलू जिऱ्याएवढं; सरकारी कागदातही त्याला मत्स्यजिरेच म्हणतात. दोन-तीन दिवस ते पोटाशी बांधलेल्या शिदोरीवर जगतं. धड पोहता येत नाही. नदी नेईल तिकडे जायचं.

आता नदीच थांबली तर? अंडं तळाच्या गाळात बसतं आणि गुदमरतं. लोंढा हळूहळू चढला, चार दिवस टिकला, काठचं गवत बुडालं, तर पिलांना तिथं शांत पाणी आणि खाणं मिळतं. एका रात्रीत ओसरला तर तीच पिलं डबक्यात अडकून उन्हानं मरतात. एका किलोच्या मादीच्या पोटात लाख-दोन लाख अंडी असतात, पण पाणी कसं आलं आणि कसं गेलं यावर त्यातली किती जगणार ते ठरतं.

पूर्णेवर येलदरी, उपयुक्त साठा 809 दलघमी. तिच्या खाली सिद्धेश्वर, 80 दलघमी. तिथून पाणी कालव्यात. पैनगंगेवर इसापूर, 964 दलघमी. या पाण्यावर आपल्याच भावांची पिकं उभी आहेत, आम्ही धरणांच्या विरोधात नाही. पण मासे अंडी घालतात आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा धरण भरत असतं. खालच्या नदीला मोठा लोंढा मिळतो तो धरण भरल्यावर, हंगाम उलटून गेल्यावर. दारं एका रात्रीत उघडतात, एका रात्रीत बंद होतात.

1957 साली ओरिसात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी माशाला पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालवून दाखवली. मोठं काम झालं. आज तलावात बीज सोडलं जातं ते त्या वाटेनं आलेलं. पण तेही विकतचंच बियाणं. नदी जे फुकट देत होती त्याला आता पैसे मोजायचे. विकतच्या बियाण्याची गोष्ट कापूसवाल्याला काय सांगावी!

चीनमध्ये यांगत्सेवर थ्री गॉर्जेस धरणात 2003 पासून पाणी अडवलं, तेव्हा खालच्या नदीत वाहत येणारी माशांची पिलं फार घटली. 2011 पासून तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही दिवस पाणी चढतं ठेवून सोडतात, आणि त्या दिवसांत मासे अंडी घालताना दिसले.

आपल्याकडे जुलैत धरणातून जादा पाणी सोडा अशी मागणी आम्ही करणार नाही. अवर्षणाच्या साली ती आपल्याच पाळीवर उलटेल. जे पाणी सोडावंच लागतं त्याची दारं टप्प्याटप्प्यानं उतरवा, एवढं पाटबंधारेवाल्यांना सांगू.

बाकीचं आपल्याच हातात आहे. ओढ्या-नद्यांवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे पावसाआधी काढायचे असतात. किती गावांत ते पहिल्या लोंढ्यातही तसेच असतात? चढणारा मासा तिथंच डोकं आपटतो, वरून बंधाराही फुटायची भीती. आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुणं. पिलं नेमकी त्याच दिवसांत काठाला असतात. हे आम्हीही केलं आहे, म्हणून बोलतो.

पुढच्या बैठकीला कळमनुरी, औंढा, वसमतच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या शिवारातल्या बंधाऱ्यांची यादी आणावी: बरगे कधी निघाले, कुणाकडे ठेवले, किती हरवले. भोई बांधवांनाही बोलवा. कोणत्या डोहात यंदा पिलं दिसली, ते आपल्यापेक्षा त्यांना ठाऊक असतं.