उतू जाणाऱ्या दुधाची चाहूल



दूध उतू जाण्यापूर्वी त्याचा आवाज बदलतो. स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला हे कोणी शिकवत नाही. चार वेळा उतू गेले की कान तयार होतो. आमचा आजचा विषय नावाने बोजड असला, तरी तो या तयार कानाचाच आहे.

सूर्यात हायड्रोजनच्या अणुगर्भांचा संयोग होऊन ऊर्जा निघते. हे पृथ्वीवर साधायचे तर वायू सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. असा वायू, म्हणजे प्लाझ्मा, कोणते भांडे धरणार? म्हणून रशियन शास्त्रज्ञांनी ‘टोकामाक’ हे कड्याच्या आकाराचे पोकळ पात्र काढले. त्यात चुंबकांच्या जोरावर प्लाझ्मा भिंतींपासून दूर तोलून धरतात. १९५५ साली जिनिव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी, ही शक्ती वीस वर्षांत काबूत येईल, असे भाकीत केले होते. ते फळले नाही. अनेक अडचणींपैकी एक अशी की, हा तोल अकस्मात जातो. काही सहस्रांश सेकंदांत उष्णता भिंतीवर ओतली जाते, लाखो अँपिअरचा प्रवाह कोसळतो आणि सारे पात्र हादरते. शास्त्रज्ञ याला ‘डिसरप्शन’ म्हणतात. आपण ‘भंग’ म्हणू.

भंगाची कारणे अनेक आणि एकमेकांत गुंतलेली. समीकरणे सोडवीत बसावे, तर तोवर सारे संपते. मग गणकयंत्रालाच जुन्या प्रयोगांच्या नोंदी देऊन कान तयार करायला का लावू नये? पण शिकायला दूध सांडावे लागते, आणि इथेच खरी अडचण आहे. फ्रान्समध्ये भारतासह सात भागीदार ‘इटर’ उभारीत आहेत, त्यात १.५ कोटी अँपिअरचा प्रवाह खेळायचा आहे. तिथे वारंवार सांडणे परवडणार नाही.

तेव्हा शेजारच्या चुलीवर शिकून आपल्या चुलीवर ओळखता येईल काय? प्रिन्स्टनचे विल्यम टँग व सहकाऱ्यांनी २०१९ साली हेच करून पाहिले. अमेरिकेतील ‘डी-थ्री-डी’वर शिकलेल्या यंत्राला त्यांनी इंग्लंडमधल्या, आकाराने मोठ्या ‘जेट’चे भंग ओळखायला लावले. बरेच जमले, ‘जेट’चे मोजके नमुने दाखवल्यावर अधिक जमले. इटरची अपेक्षा मात्र कडक आहे : शंभरांतले ९५ भंग निदान ३० सहस्रांश सेकंद आधी ओळखावेत, आणि खोटी हाकाटी तीन-पाच टक्क्यांवर जाऊ नये. तेवढ्या अवधीत गोठवलेल्या हायड्रोजन-निऑनच्या गोळ्यांचा चुरा आत मारून उष्णता चहूकडे पसरवून टाकायची.

हे यंत्र ‘केव्हा’ सांगते, ‘का’ सांगत नाही. आम्हाला ही उणीव मोठी वाटते. कारण न कळलेला इशारा नव्या पात्रात कुठे फसेल, हे आधी कसे ओळखावे?

‘जेट’ डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. त्याच्या चाळीस वर्षांतल्या भंगांच्या नोंदी मात्र आता पुढच्या पात्राची शिदोरी आहेत.