गणित सोडलंय, इकॉनॉमिक्स जमेल का?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: 'बी.ए. इकॉनॉमिक्स करून पुढे काय?' आणि त्यालाच जोडून, जरा दबक्या आवाजात, 'ताई, दहावीनंतर गणित सोडलंय, चालेल का?'

मीही सोडलं होतं. बी.ए.ला अर्थशास्त्र मराठीतून. मागणीची लवचिकता म्हणजे काय? व्याख्या पाठ, प्रकार पाठ, मार्क छान. पण समजा कांदा दहा टक्के महागला आणि खप दोनच टक्के घटला, तर लवचिकता किती? ०.२. एवढा साधा भागाकार, तोही मी तीन वर्षांत स्वतःहून कधी केला नव्हता! एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर डेरिव्हेटिव्ह काढलं. सगळे वहीत उतरवून घेत होते, मी नुसती बघत बसले. घरी फोन केला, म्हटलं, सोडून येते. बाबा म्हणाले, 'फी भरलीय ना? मग परीक्षा तरी दे.' त्या रात्री मैत्रिणीकडून अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं. पहिल्या सेमिस्टरला एक पेपर राहिलाच.

तर, चालतं. पण कधीतरी ते भरून काढावंच लागतं.

पुढे एका सर्व्हेचं काम मिळालं. घरोघरी जाऊन खर्च विचारायचा. एका काकूंना विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? त्या म्हणाल्या, 'महिन्याचं कुठलं गं, रोज दहाचं आणते.' फॉर्ममध्ये रकाना महिन्याचा! पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या गरिबीचा अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील एवढा तरी घरखर्च होतो का, हा त्यांचा निकष. त्यामागे अशीच घरोघरी विचारलेली खर्चाची माहिती होती. बी.ए.ला ही नावं मी फक्त 'टीपा लिहा'साठी वाचली होती.

आता नोकरीचं, स्पष्टच सांगते. नुसत्या बी.ए.वर ज्या परीक्षा देता येतात, त्यातल्या बहुतेक कुठलाही पदवीधर देतो. अर्थशास्त्राची खास दारं एम.ए.नंतर उघडतात: रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग, नेट-सेट देऊन प्राध्यापकी, आणि यूपीएससी घेते ती इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस. तिला वय २१ ते ३०, लेखी १००० मार्क, मुलाखत २००. जागा मात्र अगदी मोजक्या, त्यामुळे फक्त तिच्याच भरवशावर राहू नका. डेटाच्या कामात कंपन्याही घेतात, पण तिथे डिग्रीच्या नावाआधी स्टॅटिस्टिक्स आणि एक्सेल विचारतात.

आणि बारावीचा निकाल लागायचाय म्हणून विचारणाऱ्या त्या मुलीला: अॅडमिशनला वेळ आहे ना अजून? मग अकरावीच्या पुस्तकातलं फंक्शन्स आणि डेरिव्हेटिव्ह, एवढंच काढ. रोज चार गणितं. अडलं की फोटो काढून पाठव, पुढच्या भागात आपण ते सोडवू. भेटूया!