प्लिम्सॉलची रेघ

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यांत घरोघर ठाऊक आहे. एके काळीं ती जालन्याच्या भरभराटलेल्या व्यापारपेठेला उद्देशून म्हटली जाई. आज त्या वैभवाचा मोठा वांटा शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीकडे, म्हणजे लोकांच्या तोंडीं रुळलेल्या 'एमआयडीसी'कडे गेला आहे. तेथें मोडक्यातोडक्या लोखंडाचे ढीग विजेच्या भट्टींत वितळतात, आणि त्या रसापासून घरबांधणीच्या सळया तयार होतात. मराठवाड्यांत एखादें नवें घर उभें राहिलें, तर त्याच्या छतांत जालन्याची सळई असण्याचा संभव बराच असतो.

या भट्टींतील रसाची उष्णता सुमारें १६०० अंश सेल्सिअस असते. भंगारामध्यें एखादा तोंड बंद केलेला डबा असला, किंवा पावसाचें पाणी ज्यांत साचलें आहे अशी नळी असली, आणि ती तशीच रसांत पडली, तर त्या पाण्याची क्षणांत वाफ होते. वाफ होतांना पाण्याचें आकारमान सोळाशें पटींहून अधिक वाढतें. तितकी जागा न मिळाल्यामुळें स्फोट होतो, आणि तापलेला रस भोंवतालच्या माणसांच्या अंगावर उडतो. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील एका पोलाद कारखान्यांत भट्टीचा स्फोट होऊन वीसांहून अधिक कामगार जखमी झाले, हें वृत्त पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

धंदा म्हटला कीं धोका आलाच, असें म्हणून अशी बातमी बाजूला ठेवणें सोपें असतें. परंतु धोका कोठपर्यंत पत्करावयाचा, ती मर्यादा कोणीं आंखावयाची, आणि ती कोणाला दिसावयास हवी, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं हाच प्रश्न इंग्लंडमधील एका कोळशाच्या व्यापाऱ्यानें आपल्या देशापुढें मांडला, आणि त्याचें उत्तर त्यानें एका साध्या रेघेंत दिलें. त्या व्यापाऱ्याचें नांव सॅम्युएल प्लिम्सॉल. त्यांच्या चरित्रांत संसार, व्यापार, माणसांच्या सुरक्षिततेसाठीं केलेली झुंज आणि ख्रिस्ती श्रद्धा हे चार धागे इतके एकमेकांत गुंतलेले आहेत कीं, त्यांतील एक ओढला असतां बाकीचे आपोआप हालतात.

प्लिम्सॉल यांचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजीं ब्रिस्टल येथें झाला. घराणें बेताच्या स्थितीचें आणि धार्मिक वळणाचें होतें. पुढें तें कुटुंब शेफील्ड या लोखंडकामाच्या शहरीं आलें. तेथें तरुण सॅम्युएल एका मद्याच्या कारखान्यांत कारकून म्हणून लागले, आणि हुशारीच्या बळावर व्यवस्थापक झाले. १८५३ मध्यें लंडनला जाऊन त्यांनीं कोळशाचा स्वतंत्र व्यापार आरंभिला. पण तो थोड्याच काळांत बुडाला, आणि खिशांत पैसा नसलेला हा गृहस्थ गरिबांसाठीं असलेल्या स्वस्त निवासगृहांत राहूं लागला. आठवड्याला आठ शिलिंगांहूनही कमी रकमेंत तेथें दिवस काढावे लागत.

हा काळ प्लिम्सॉल कधीं विसरले नाहींत. काम शोधावयास निघालेले, जोडे झिजलेले, तरी शेजाऱ्याला आपल्या घांसांतला घांस देणारे मजूर त्यांनीं तेथें जवळून पाहिले. पुढें संपत्ति आल्यावर गरिबांविषयीं त्यांनीं जें जें लिहिलें, त्यांत दयेपेक्षां आदराचा भाग मोठा आहे. बहुतेक श्रीमंतांना गरिबी ऐकून माहीत असते. प्लिम्सॉल यांना ती शेजारच्या बिछान्यावरून माहीत होती.

व्यापारांत ते पुन्हां उभे राहिले. आगगाडींतून उतरवितांना कोळशाचा चुरा होऊं नये, अशी योजना त्यांनीं काढली, आणि त्या जोरावर लंडनच्या कोळसा-व्यापारांत आपलें बस्तान बसविलें. लोखंड व कोळसा यांच्या धंद्यांतील एका गृहस्थांची सावत्र कन्या एलिझा ही त्यांची पत्नी झाली. या बाईंनीं नवऱ्याच्या कार्यांत जी सोबत दिली, तिचा उल्लेख पुढें येणारच आहे. उभयतांना स्वतःचें मूल झालें नाहीं. रूथ नांवाच्या मुलीला त्यांनीं आपली मुलगी म्हणून वाढविलें.

१८६६ च्या डिसेंबरांत यॉर्कशायरमधील ओक्स नांवाच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन साडेतीनशेंहून अधिक माणसें मेलीं. आंत अडकलेल्यांना सोडविण्यासाठीं उतरलेल्यांपैकींही अनेक त्यांत गेले. ज्या कोळशावर प्लिम्सॉल यांचें घर चाललें होतें, त्याचें मोल कोण देतो, हें त्या दिवशीं उघड झालें. विधवा व अनाथ यांच्या मदतनिधीसाठीं ते झटले. दोन वर्षांनीं, १८६८ मध्यें, ते डर्बी शहरातर्फे पार्लमेंटांत निवडून आले.

तेथें त्यांनीं हातीं घेतलेला विषय मात्र खाणींचा नव्हता, समुद्राचा होता. कांहीं जहाजमालक जुनींपुराणीं जहाजें डागडुजी न करतां समुद्रांत पाठवीत, त्यांत सोसेल त्याहून कितीतरी अधिक माल भरीत, आणि विमा भक्कम उतरवीत. जहाज पोंचलें तर भाडें मिळे, बुडालें तर विम्याची रक्कम मिळे. मालकाचें नुकसान दोन्ही बाजूंनीं टळे; जीव जाई तो खलाशाचा. अशा जहाजांना लोक 'शवपेटी जहाजें' म्हणूं लागले होते. आणि जहाजाची अवस्था पाहून एखाद्या खलाशानें पाय मागें घेतला, तर करार मोडल्याबद्दल कायदा त्यालाच तुरुंगांत टाकी! हा प्रश्न प्लिम्सॉल यांच्या आधीं जेम्स हॉल नांवाच्या एका जहाजमालकानें पुढें आणला होता, हेंही सांगितलें पाहिजे. सगळे मालक सारखे नसतात. सरळ मालकाला तर लबाड मालकाशीं स्पर्धा करणें कठीण जातें, म्हणून नियम त्यालाही हवाच असतो.

प्लिम्सॉल यांची मागणी साधी होती. प्रत्येक जहाजाच्या कुशीवर बाहेरून एक रेघ असावी. माल भरतां भरतां पाणी त्या रेघेला टेंकलें, कीं भरणी थांबावी. रेघ वाचावयास शिक्षण लागत नाहीं. धक्क्यावर उभा असलेला हमाल, चढणारा खलाशी, त्याला निरोप द्यावयास आलेली बायको, या सर्वांना ती दिसते. मालकाच्या वहींत दडलेली गोष्ट रेघेमुळें चारचौघांपुढें येते.

१८७३ मध्यें 'आपले खलाशी' अशा अर्थाच्या नांवाचें त्यांचें पुस्तक निघालें, आणि देशभर खळबळ उडाली. त्यांतील कांहीं आरोपांवरून मालकांनीं अब्रुनुकसानीचे खटले भरले. एक राजकीय आयोग नेमला गेला, विधेयक आलें. परंतु २२ जुलै १८७५ रोजीं पंतप्रधान डिझरायली यांनीं तें विधेयक त्या अधिवेशनापुरतें सोडून दिल्याचें जाहीर केलें. तेव्हां प्लिम्सॉल यांचा तोल सुटला. ते भर सभागृहांत उभे राहून ओरडले, मूठ उगारली, माणसांना मृत्यूच्या तोंडीं धाडणाऱ्यांना त्यांनीं दुष्ट म्हटलें, आणि ते शब्द मागें घेण्यास नकार दिला. त्या वेळीं स्त्रियांच्या सज्जांत बसलेल्या एलिझाबाईंनीं पतीच्या लेखी निषेधाच्या प्रती वृत्तपत्रांच्या बातमीदारांच्या हातीं पोंचविल्या. आठवड्याभरानें प्लिम्सॉल यांनीं सभागृहाची माफी मागितली. पण बाहेर लोकमत इतकें तापलें होतें कीं, त्याच उन्हाळ्यांत सरकारला एक तात्पुरता कायदा करावा लागला.

१८७६ च्या कायद्यानें रेघ सक्तीची झाली. तथापि एक मोठी फट राहिली: रेघ कोठें काढावयाची, हें मालकावर सोंपविलें होतें! ती जागा कायद्यानें ठरण्यास १८९० साल उजाडावें लागलें. मर्यादा आंखण्याचें काम ज्याचा नफा त्या मर्यादेनें घटतो त्याच्यावर सोंपविलें, तर ती नुसती रंगरंगोटी होते, हा या चौदा वर्षांचा धडा. पुढें १९३० व १९६६ या सालांतील आंतरराष्ट्रीय करारांनीं ही भाररेषा जगभर मान्य झाली. आज मुंबईच्या बंदरांत लागलेल्या मालवाहू जहाजाच्या कुशीवरही मध्यें आडवी रेघ असलेलें वर्तुळ आढळतें, आणि शेजारीं उन्हाळा, हिवाळा, गोडें पाणी, उष्ण कटिबंध यांच्या वेगळाल्या रेघा असतात; कारण पाण्याची घनता व समुद्राचा स्वभाव सर्वत्र सारखा नसतो. इंग्लंडांत तर रबरी तळाच्या कापडी बुटालाही त्या रेघेवरून प्लिम्सॉल म्हणूं लागले. थोर पुरुषांचे पुतळे होतात. मुलांच्या पायांतला जोडा होण्याचें भाग्य विरळा.

प्लिम्सॉल यांच्या श्रद्धेविषयीं दोन शब्द. ते ख्रिस्ती धर्माच्या काँग्रिगेशनल पंथाचे होते. शेजाऱ्यावर आपल्यासारखें प्रेम करावें ही आज्ञा त्यांनीं हिशेबाच्या वहीपर्यंत नेली, आणि आपला शेजारी कोण, या प्रश्नाला 'ज्याच्या धोक्यावर आपला नफा उभा आहे तो' असें उत्तर दिलें. श्रद्धेचा असा व्यवहारी अवतार जालन्यालाही परका नाहीं. ब्राह्मण कुळांत जन्मलेले आणि १८४३ मध्यें मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं प्लिम्सॉल यांच्याच काळांत जालन्याजवळ बेथेल हें गांव वसविलें. त्यासाठीं निजामाच्या राज्याचे दिवाण सालारजंग यांच्या राजवटींत जमीन मिळाली होती. उपेक्षित माणसांना उपदेशाबरोबर घर व काम मिळावें, ही त्यामागची दृष्टि होती. आणि हा विचार कोणा एका धर्माचा मक्ता नाहीं. मुंबईचे पारशी उद्योगी गृहस्थ सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं १८७८ मध्यें गिरणी-कामगारांच्या रक्षणासाठीं कायद्याचा मसुदा केला. १८८१ मध्यें हिंदुस्थानांत कारखान्यांचा पहिला कायदा झाला, आणि धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घालण्याची तजवीज त्यांत आली.

एलिझाबाई १८८२ मध्यें ऑस्ट्रेलियांत वारल्या. १८८५ मध्यें प्लिम्सॉल यांनीं दुसरा विवाह केला, आणि उतारवयांत त्यांचें घर मुलांनीं भरलें. पार्लमेंटची जागा त्यांनीं १८८० मध्येंच सोडली होती. खलाशांचें काम मात्र सोडलें नाहीं. ३ जून १८९८ रोजीं फोकस्टन येथें त्यांचें निधन झालें. लंडनमध्यें थेम्स नदीच्या कांठीं त्यांचें स्मारक आहे. तें १९२९ मध्यें खलाशांच्या संघटनेनें उभारलें.

आतां पुन्हां जालन्याच्या भट्टीकडे पाहूं. भट्टीला समुद्र नाहीं, म्हणून तिच्या कुशीवर रेघ काढतां येत नाहीं. परंतु रेघेमागील विचार तेथें जसाच्या तसा लागू पडतो. भंगार कोरडें आहे कीं नाहीं, बंद डबे फोडले कीं नाहींत, भट्टीचें अस्तर किती झिजलें म्हणजे ती थांबवावयाची, हे नियम नुसते कचेरींतल्या कपाटांत असून भागत नाहीं. जो माणूस भट्टीशीं उभा आहे, त्याला ते त्याच्या भाषेंत, त्याच्या डोळ्यांसमोर दिसले पाहिजेत. बिहार-उत्तर प्रदेशांतून आलेल्या मजुराला मराठी किंवा इंग्रजी पाटी काय सांगणार? आणि ओलें भंगार पाहून 'थांबा' म्हणणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कापली गेली, तर उद्यां तो गप्प बसेल. नकार देणाऱ्या खलाशाला तुरुंगांत धाडणारा तो जुना कायदा, आणि ही कापलेली मजुरी, यांत फरक केवळ मात्रेचा आहे.

उद्योगामुळें जालन्याचा पाळणा सोन्याचा झाला असेल, तर त्यांत आनंदच आहे. पण पाळणा सोन्याचा असो वा लांकडाचा, त्याची दोरी मजबूत आहे कीं नाहीं, हें पाहणें घरच्या वडीलधाऱ्याचें काम असतें. कारखान्यांत तो वडीलधारा म्हणजे मालक. संध्याकाळीं पाळी संपवून कामगार ज्या घरीं परततो, त्या घरालाही मालकानें आपल्या हिशेबांत एक ओळ द्यावी. दिवाळें निघालेल्या अवस्थेंत गरिबांच्या निवासगृहांत राहिलेल्या त्या कोळसेवाल्यानें नेमकी तीच ओळ जहाजाच्या कुशीवर काढून दाखविली.